बालगृहातली मिशन ट्रिप: डिसेंबरात जाऊ नका, मे महिन्यात जा (आणि आमच्या हातून झालेली एक चूक)

रविवारची_पेटी

सगळ्यांना सलाम.

परवा आमच्या चर्चच्या मंडळीत तरुण संघाची बैठक झाली. यंदाच्या मिशन ट्रिपचा, म्हणजे मंडळीच्या गटाने सेवेसाठी बाहेर जायचा, विषय निघाला. विशी-बाविशीतली पोरं, उत्साह नुसता ओसंडत होता. एक म्हणाला पपेट शो बसवू, दुसरी म्हणाली सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट छापून घेऊ. मी या ट्रिपांना २०१६ पासून जाते, पेटी वाजवते आणि हिशेब ठेवते. त्यांना दोन शब्द सांगायला उभी राहिले आणि मध्येच गळा दाटून आला, पुढे बोलताच येईना. म्हणून इथे सविस्तर लिहिते. त्या पोरांना या धाग्याची लिंक देणार आहे.

पहिली ट्रिप नाताळच्या आधीच्या आठवड्यात होती. नगर जिल्ह्यातलं एक बालगृह, साठ मुलं-मुली. आम्ही तीस जण बस करून गेलो. केक, फुगे, सांताक्लॉजचा पोशाख, सगळं बरोबर होतं. मुलांनी अंगणात रांगेत उभं राहून स्वागतगीत म्हटलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी गाता गाता सारखी तळहाताकडे बघत होती. मला वाटलं, गाण्याचे शब्द लिहून घेतलेत. जवळ जाऊन पाहिलं तर इतिहासाच्या सनावळ्या! दुसऱ्या दिवशी तिची घटक चाचणी होती. नंतर स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं, त्या आठवड्यात आलेला आमचा चौथा गट. तेच गाणं चौथ्यांदा, केकही चौथ्यांदा. दोन लहानग्यांची पोटं त्या केकांनीच बिघडली होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. मी फोटो काढले होते. पाच-सहा मुली, मध्ये मी, मागे फाटकावरची पाटी. घरी आल्यावर फेसबुकवर टाकला. जानेवारीत तिथल्या अधीक्षक बाईंचा फोन आला. फोटोतल्या एका मुलीचं तेराव्या वर्षी लग्न ठरवलं होतं. ते मोडून बालकल्याण समितीने तिला इथे आणून ठेवलं होतं, आणि घरच्यांना ठिकाण कळू दिलं नव्हतं. तिचा मामा माझा फोटो मोबाईलवर उघडून फाटकाशी येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला आत येऊ दिलं नाही, पण मुलीला दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं. ऐन वर्षाच्या मध्यात तिची शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या. ती मुलगी मला पुन्हा भेटली नाही.

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ मी त्यानंतर वाचलं. अशा मुलांची ओळख पटेल असं नाव, फोटो, पत्ता, शाळा, काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्यावर कुणी तक्रार केली नाही. बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुम्ही प्रेमाने केलंत, मला ठाऊक आहे."

दोन वर्षं मी कुठेच गेले नाही. मग धीर करून त्याच बाईंना विचारलं, आम्ही खरंच उपयोगी पडायचं असेल तर काय करू? त्या म्हणाल्या, "मे महिन्यात या. चौदा जणच या. कार्यक्रम आणू नका."

मे का, ते तिथे गेल्यावर कळलं. साठातल्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप आहे, काहींना दोघंही आहेत. दसरा-दिवाळीला माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. परीक्षा संपली की बालगृहाच्या ओसरीवर पत्र्याच्या पेट्यांची रांग लागते आणि एकेक पेटी घरी जाते. त्या वर्षी अकरा पेट्या राहिल्या. जिथे डिसेंबरात प्रत्येक मुलामागे एक फुगेवाला असतो, तिथे मे महिन्यात अकरा मुलं, दोन मावश्या आणि एक रखवालदार.

आम्ही दहा दिवस काय केलं? ढेकूण मारले. चौसष्ट लोखंडी खाटा अंगणात काढल्या, सांध्यासांध्यात किटलीने उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस उन्हात तापवल्या आणि मग ऑइलपेंट दिला. गाद्या उसवून पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला. आठ वर्षांचा एक मुलगा माझ्या मागे मागे फिरत मेलेले ढेकूण मोजायचा आणि खडूने भिंतीवर पाच-पाचाच्या रेघा मारायचा. शेवटचा आकडा ३१७. तो माझ्या मांडीवर बसला नाही, मला मम्मी म्हणाला नाही. आम्ही दोघं मिळून ढेकूण मारत होतो, बस्स.

संध्याकाळची प्रार्थना त्यांची रोजची असते आणि मावशीच घेतात. आम्ही मागे बसायचो. मी पेटी वाजवली, तीही मावशींनी सांगितलं तेव्हा.

ज्यांनी असं काम केलंय, किंवा ज्यांच्यासाठी असं काम झालंय, त्यांनी लिहा.

बोर्डिंगचा_पोरगा

ताई, मी १९९१ ते २००१ बोर्डिंगात वाढलो. आमच्यात पाहुण्यांना 'बिस्किटवाले' म्हणायचे. बिस्किटवाले आले की कोणी कोणाच्या कडेवर जायचं हे आधीच ठरलेलं असायचं. जास्त लाडात आलं की जास्त मिळतं, एवढं गणित पाच वर्षांच्या पोरालाही जमायचं. रात्री पाहुणे गेल्यावर वाटण्या. पण लहान पोरांना सगळंच खरं वाटायचं. ती फाटकाला धरून उभी राहायची आणि त्यांना आत आणायचं काम आम्हा मोठ्यांवर यायचं. रडणाऱ्या पोराला झोपवायला पाहुण्यांतलं कधी कुणी थांबलं नाही.

एक माणूस मात्र वेगळा होता. शिंपीकाका. मंडळीचे सभासद, बाजारपेठेत त्यांचं छोटं दुकान. दर जूनला शाळा उघडायच्या आधी टेप घेऊन यायचे आणि गणवेशाची मापं घ्यायचे. खांदा, छाती, बाही, उंची. एका लाल बांधणीच्या वहीत प्रत्येकाचं नाव आणि वर्षवार मापं. माझी सात वर्षांची मापं त्या वहीत होती. "गेल्या वर्षी साडेचौदा होतास, आता सोळा," असं म्हणायचे. घरच्या पोरांची उंची आई दाराच्या चौकटीवर लिहिते. माझी त्या वहीत लिहिली गेली. त्यांनी आम्हाला कधी गोळ्या-चॉकलेट दिल्याचं आठवत नाही.

अश्विनी_सातारा

दोन्ही प्रतिसाद वाचून सुन्न झाले. आम्ही दरवर्षी मुलाचा वाढदिवस एका बालगृहात करतो. आम्ही चुकतोय का? खरंच विचारतेय.

बालसमुपदेशक

अश्विनीताई, हेतू चुकीचा नाही, पण मुलांच्या बाजूने बघा. ज्याला स्वतःची जन्मतारीखच माहीत नाही, त्याच्यासमोर दुसऱ्या मुलाचा केक कापला जातो. त्यापेक्षा त्या दिवशीच्या जेवणाचा खर्च द्या आणि घरच्या मुलाला घरीच सांगा की आज तिकडे तुझ्याकडून पुरणपोळी आहे.

मी बालगृहांत समुपदेशनाचं काम करते. अनोळखी माणूस आला की पळत येऊन बिलगणारी मुलं पाहुण्यांना फार गोड वाटतात, आणि माझ्या पोटात तिथेच गोळा येतो. घरात वाढणारं तीन-चार वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईचा पदर धरतं. ज्या मुलाला धरायला कायमचा पदर मिळाला नाही, ते दिसेल त्याला धरतं. रुमानियात २००० नंतर बुखारेस्टमध्ये १३६ बालकांवर मोठा अभ्यास झाला. संस्थेतल्या निम्म्या मुलांना पालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या घरांत, ठेवलं, बाकीच्यांची आधीची व्यवस्था चालू ठेवली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धीची वाढ आणि माणसांशी जुळणारं नातं स्पष्टपणे सरस निघालं, आणि जितक्या लहानपणी गेली तितकं जास्त. म्हणून संस्थेतल्या मुलाला निदान रोजची माणसं तरी तीच हवीत. दहा दिवसांसाठी नवीन ताई, नवीन दादा आणि मग टाटा, हे पुन्हा पुन्हा झालं की मूल जीव लावणंच सोडून देतं.

पेटीताईंनी मावश्यांचं काम हलकं केलं, हे मला सगळ्यात पटलं. एका मावशीकडे वीस-पंचवीस मुलं असतात. तिचे दोन तास मोकळे करून दिलेत तर ते दोन तास मुलांना मिळतात, आणि ती उद्याही तिथेच असते.

आणखी एक. ज्या मुलाला आई आहे, त्याला आईजवळ ठेवायला काय लागेल, हा प्रश्न मंडळ्यांनी आधी विचारावा. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून पात्र मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. कित्येक विधवा बायकांना अर्ज कुठे करायचा हेच माहीत नसतं. तुमच्या गटातल्या दोघांनी दहा दिवस फक्त अर्ज भरून दिले, तरी एखादी पत्र्याची पेटी कायमची घरी जाईल.

कोरडवाहू

मी बीड जिल्ह्यातली. माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे, कधी सांगली-कोल्हापूर, कधी कर्नाटकात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत सुटका नाही. मी तिसरीत असताना फडावर, उसाच्या रानात, धाकट्या भावाला सांभाळता सांभाळता शाळा बुडाली, म्हणून पुढच्या वर्षी मला एका मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. शिकले ते तिथे राहिले म्हणून, हे आधी सांगते. माझ्या मनात त्या जागेबद्दल माया आहे.

पण एका नाताळात एक मोठा गट आला आणि त्यांनी फाटकावर बॅनर बांधला, 'अनाथ मुलांसोबत नाताळ'. गट गेला, बॅनर तसाच राहिला. एप्रिलमध्ये आई मला न्यायला आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने मलाच विचारलं, काय लिहिलंय गं? मी दहा वर्षांची होते. मी म्हणाले, "शाळेचं नाव आहे."

माझी आई जिवंत होती. थंडीत पहाटे तीनला उठून मोळ्या बांधत होती, माझ्या वह्यांसाठी. बॅनर लिहिणाऱ्यांनी वसतिगृहाच्या बाईंना एकदा विचारलं असतं तरी पुरे होतं.

रविवारची_पेटी

@कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि उठून पाणी प्यायले. आमच्या २०१६ च्या वर्गणीच्या पावतीवरही 'अनाथाश्रम भेट' असंच छापलं होतं. ते पावतीपुस्तक माझ्याकडे होतं. आज फाडून टाकलं.

केशव_क

मी ख्रिस्ती नाही. इथे सगळे मोकळेपणाने लिहीत आहेत म्हणून मीही मनातलं विचारतो, राग मानू नका. मिशन ट्रिप म्हटलं की आमच्याकडे पहिली शंका धर्मांतराचीच येते. गरिबाचं लेकरू, खायला-प्यायला घालणारे तुम्ही, आणि संध्याकाळी प्रार्थना. त्या मुलाला 'नाही' म्हणता येतं का?

रविवारची_पेटी

केशवदादा, राग कसला? हा प्रश्न आमच्याच माणसांनी आम्हाला विचारायला हवा होता.

माझं उत्तर: दहा वर्षांच्या मुलाला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून त्याला 'हो' म्हणायची वेळ आपण आणू नये. पहिल्या ट्रिपमध्ये आमच्यातल्या एकाने शेवटच्या दिवशी मुलांना डोळे मिटून हात वर करायला सांगितलं होतं, कुणाकुणाला प्रभू येशूला आपल्या जीवनात घ्यायचं आहे म्हणून. साठच्या साठ हात वर. त्याने मंडळीत येऊन आकडा सांगितला आणि टाळ्या पडल्या. त्याच मुलांनी आदल्या दिवशी 'आईस्क्रीम कोणाला हवं' याला हात वर केले होते. आई-बाप फडावर असताना, त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या लेकराकडून असं वदवून घेणं हा त्या आई-बापांचा विश्वासघात आहे असं मला वाटतं. मी श्रद्धेने ख्रिस्ती आहे, माझ्या आजीपासून. प्रभूवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे मला सहन होत नाही.

आम्ही जातो तिथे ज्याला प्रार्थनेला बसायचं नाही त्याला अभ्यासाची खोली उघडी असते. चार-पाच मुलं तिथे बसतात. त्यांच्या ताटात काही कमी पडत नाही, हे मी पंक्तीत वाढताना पाहिलंय.

आप्पा_निवृत्त_पाळक

पेटीताई, सलाम. वाचत होतो, आता राहवेना.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं पहिल्या अध्यायाचं सत्ताविसावं वचन आपल्या प्रत्येक ट्रिपच्या पत्रकावर असतं. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. आपण 'समाचार' म्हणजे भेट असं समजून बस ठरवतो. मूळ ग्रीक शब्दात नुसती भेट नाही, देखरेख आहे, जबाबदारी घेऊन लक्ष ठेवणं आहे. बिशप हा शब्द त्याच मुळातून आला. बिशप काही दहा दिवसांसाठी होत नाही. त्या शिंपीकाकांनी समाचार घेतला असं मी म्हणेन.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण भाषणात फार देतो, पण त्यांनी काम कसं केलं ते सांगत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. केडगावची जमीन मुळात शारदा सदनाला, त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेला, उत्पन्न मिळावं म्हणून घेतलेली. तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम सुरू केलं, छापखाना काढला. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात मुक्ती मिशन या त्यांच्या केडगावच्या आश्रमातल्या बायकांच्या हातांनी छापलं गेलं आणि त्यांच्या मागे, १९२४ मध्ये, बाहेर पडलं. ज्यांना दुष्काळाने रस्त्यावर आणलं होतं, त्यांच्या हाती त्यांनी छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवण्याचं काम दिलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, त्याही तिथेच, केडगावात. पुणे-दौंड लाईनवर केडगाव स्टेशन आहे. तरुण संघाला एकदा तिथे घेऊन जा आणि दिवसभर नुसतं बघायला सांगा.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या फेलोशिपमधली, म्हणजे इथल्या ख्रिस्ती गटातली, बारा मुलं डिसेंबरात महाराष्ट्रात एका चिल्ड्रन्स होमला जायचं म्हणताहेत. इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं. धागा वाचून मी जरा थबकलोय. कागदपत्रांचं काय, हेही कुणी सांगेल का?

बालसमुपदेशक

आधी कागदपत्रांचं. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराचं काम करता येत नाही, मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तरी मार्च २०२१ च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अधिसूचनेप्रमाणे मिशनरी कामासाठी विशेष परवानगी लागते. 'आम्ही फक्त गाणी शिकवणार' असं स्वतःच ठरवू नका, तिकिटं काढण्याआधी लेखी विचारून घ्या. दुसरं, ते होम बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली नोंदणीकृत आहे का, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. जी संस्था पाहुण्यांना न विचारता-सवरता थेट मुलांच्या खोल्यांत सोडते, तिच्यापासून लांब राहा. परदेशी देणग्यांसाठी मुलं गोळा करून 'अनाथ' म्हणून दाखवायची, हे नेपाळ-कंबोडियात इतकं झालंय की ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी त्याची दखल घेतली.

बोर्डिंगचा_पोरगा

दूरदेशी दादा, माझं ऐकाल तर बारा मुलांच्या विमानभाड्यात काय काय होतं ते आधी कागदावर मांडा. आणि मुलांना यायचंच असेल तर पुढच्या वर्षी परत येतील अशाच दोघांना पाठवा.

दूरदेशी

मांडलं. बारा तिकिटांच्या पैशांत एका मावशीचा कित्येक वर्षांचा पगार निघतो. फेलोशिपमध्ये हाच हिशेब ठेवणार आहे. आमच्या मुलीला वाईट वाटलं, पण तिनेच विचारलं की तिकडच्या दहावीच्या मुलांना व्हिडिओवर इंग्रजी शिकवलं तर चालेल का, दर शनिवारी?

रविवारची_पेटी

बाईंना विचारते. त्यांची पहिली अट मला आताच माहीत आहे: वर्षभर एकही शनिवार चुकवायचा नाही.

अश्विनीताईंनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सामानाची यादी मागितली, ती इथेच देते. जुने कपडे नको, माळ्यावर पोती भरून पडलेत. आतले कपडे नवीन आणि मापाचे हवेत, ते कुणीच देत नाही. मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड वर्षभर पुरतील असे. उवांचं औषध आणि बारीक दातांच्या फण्या. जूनमध्ये रेनकोट, कारण छत्री तिसऱ्या दिवशी मोडते. चपला मात्र मुलांना दुकानात नेऊन त्यांच्या पसंतीने. एका बारा वर्षांच्या मुलीने दुकानात पाऊण तास लावला, सगळे कंटाळले, आणि शेवटी तिने पहिलाच जोड घेतला. तिने आयुष्यात प्रथमच काहीतरी स्वतः निवडलं होतं. दुकानदारानेही घाई केली नाही.

बोर्डिंगचा_पोरगा

ताई, तिथे यंदा अठरा पूर्ण होणारी मुलं किती? आमच्या वेळी अठराव्या वर्षी हातात ट्रंक आणि शुभेच्छा, एवढंच मिळायचं. मी आठ महिने एका गॅरेजमध्ये झोपलो. आता अठरानंतर राहायला अनुरक्षण गृहाची सोय आहे, आणि ज्यांना खरोखर कुणी नाही त्यांना २०१८ पासून राज्यात शिक्षण-नोकरीत एक टक्का आरक्षणही आहे. पण अनाथ प्रमाणपत्र वेळेत निघालं पाहिजे, ते अठराच्या आत बालगृहात असतानाच मागे लागून काढावं. आधार, बँक खातं, शाळा सोडल्याचा दाखला, या सगळ्यांतली नावं जुळवणं हे किचकट काम मी करून देईन. मी हेच काम करतो, तहसीलबाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे.

रविवारची_पेटी

यंदा तिघं आहेत. दोन मुलं, एक मुलगी. मुलीच्या आधारवर आणि दाखल्यावर आडनावं वेगवेगळी आहेत, त्यावर बाई वर्षभर खेटे घालताहेत. तुमचा नंबर व्यनितून द्या.

तरुण संघाची काल पुन्हा बैठक झाली. धागा मोठ्याने वाचून दाखवला. टी-शर्ट रद्द, त्या पैशांतून पिंजारी आणि ऑइलपेंट. पपेट शोवाला मुलगा जरा हिरमुसला होता, पण त्याने प्लंबिंगचा आयटीआय केलाय हे आम्हाला कालच कळलं. मुलींच्या न्हाणीघरातले चार नळ वर्षभर गळताहेत. तो आधी एकदा जाऊन मापं घेऊन येणार आहे.

६ मे ते १५ मे. अकरा जणांची नावं आली, तीन जागा बाकी. मोबाईल फाटकावर रखवालदाराकडे जमा करावे लागतील. ज्यांना जमेल त्यांनीच नाव द्या. आणि कुणाच्या घरी जुनी लांब तोटीची किटली असेल तर हवी आहे, आमची गेल्या वर्षी सांध्यावर फुटली.